गिल्बर्टो सिल्वा: व्हिडिओत न सापडणारा हाफ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा पंधरा वर्षांचा, आजवर फॉरवर्ड खेळायचा. नव्या कोचने त्याला बॅकच्या पुढ्यात, बचावाच्या हाफला उभं केलं, आणि पोरगं रुसलंय. कोच म्हणाले, "गिल्बर्टो सिल्वा बघ." बाप-लेकाने मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला, त्यात चार आडवे पास, दोन टॅकल आणि एक हेडर सोडून काही हाती लागलं नाही. "ब्राझीलचा असून हा इतका साधा कसा, आणि हा वर्ल्ड कप जिंकलेल्या संघात काय करत होता?" असं तुम्ही विचारलंय.

कोचनी माणूस अगदी बरोबर सांगितलाय. चूक झाली ती व्हिडिओ बघण्यात. हायलाइट्स कापणारा माणूस बॉलच्या मागे कात्री घेऊन फिरतो, आणि गिल्बर्टोचं निम्मं काम बॉल त्याच्यापाशी येण्याआधीच उरकलेलं असायचं. मी स्वतः सेंटर हाफ खेळलो, आणि गेली वीस-बावीस वर्षं कोल्हापुरात पोरांना शिकवतोय. दरवर्षी एक तरी पोरगं असं रुसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कबड्डी बघता ना? चांगला कोपरारक्षक कसा ओळखायचा? पकडींचा आकडा बघून नेहमीच कळत नाही. कधीकधी चढाईपटू त्याच्या कोपऱ्याकडे फिरकतच नाही, दुसऱ्या बाजूला जातो, बोनस बघतो आणि मोकळा परत येतो. त्या चढाईत कोपरारक्षकाच्या नावावर काहीच लागत नाही, पण ती चढाई त्यानेच वाया घालवलेली असते. गिल्बर्टो हा फुटबॉलमधला तसा माणूस. त्याला 'अदृश्य भिंत' म्हणायचे ते उगीच नाही.

आता त्याची गोष्ट. ७ ऑक्टोबर १९७६ चा जन्म, मिनास जेराइस राज्यातल्या लागोआ दा प्राता या लहान गावातला. वडील लोहारकाम करायचे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे ऐन उमेदीत खेळ बाजूला ठेवून त्याला मजुरी करावी लागली. काही काळ तो मिठाई-गोळ्यांच्या कारखान्यात कामाला होता. ज्या वयात ब्राझीलची हुशार पोरं युरोपच्या क्लबांच्या नजरेत भरलेली असतात, त्या वयात हा पाळीवर जात होता. १९९७ मध्ये, विशी गाठल्यावर, मित्रांच्या आग्रहामुळे त्याने पुन्हा एकदा नशीब आजमावलं आणि बेलो होरिझोंतेच्या अमेरिका मिनेरो क्लबात लागला. त्याच वर्षी या क्लबने दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकली.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या पत्राच्या शेवटी "पंधराव्या वर्षी जागा बदलली तर उशीर नाही ना होणार?" असंही एक वाक्य आहे. गिल्बर्टो सुरुवातीला चक्क बॅक होता. २००० मध्ये तो त्याच शहरातल्या अॅटलेटिको मिनेरोत गेला आणि तिथे त्याला बचावफळीतून एक पाऊल पुढे, हाफला आणलं. म्हणजे ज्या जागेवर तो जगाला माहीत झाला, ती जागा त्याला तेविशी-चोविशीत मिळाली. तुमच्या मुलाच्या हातात बराच वेळ आहे.

ब्राझीलमध्ये या जागेला 'व्होलान्ते' म्हणतात. कार्लोस व्होलान्ते नावाचा एक अर्जेंटिनाचा खेळाडू पूर्वी रिओच्या फ्लामेंगोकडून खेळायचा, त्याच्या आडनावावरून हा शब्द रुळला असं सांगतात. पोर्तुगीजमध्ये व्होलान्ते म्हणजे गाडीचं स्टीअरिंगही. आणखी एक बोलीतला शब्द आहे, 'पियानो वाहणारा'. वाजवणारे वेगळे, हा तो मंचावर नेऊन ठेवणार. ब्राझीलची माणसं हे कौतुकाने म्हणतात आणि थोडं खिजवूनही. तुमच्या पोराला जे वाटतंय, ते तिकडच्या पोरांनाही वाटतंच.

२००२ च्या वर्ल्ड कपला कोच स्कोलारींच्या ब्राझील संघात गिल्बर्टो होता, पण राखीव म्हणून. त्या जागेवर कर्णधार एमर्सन पक्का होता. पहिल्या सामन्याच्या तोंडावर सरावात एमर्सन गंमत म्हणून गोलमध्ये उभा राहिला, झेप घेतली आणि खांदा निखळला. स्पर्धा संपली त्याची. (याच एमर्सनला १९९८ च्या वर्ल्ड कपला रोमारिओ जखमी झाल्यामुळे आयत्या वेळी बोलावलं होतं. दैव एका हाताने देतं ते चार वर्षांनी दुसऱ्या हाताने काढून घेतं, असा हा प्रकार.) कर्णधाराचा पट्टा काफूकडे गेला आणि एमर्सनची जागा गिल्बर्टोकडे. कारखाना सोडून पाच वर्षं झालेला माणूस वर्ल्ड कपचे सातही सामने खेळला.

त्या संघाची मांडणी एकदा समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. मागे तीन बॅक: लुसियो, एडमिल्सन, रोके ज्युनियर. त्यांतल्या लुसियो आणि एडमिल्सनला बॉल घेऊन पुढे पळायची भारी हौस. उजव्या कडेला काफू, डाव्या कडेला रॉबेर्तो कार्लोस. दोघे नावाला बचावपटू, पाय कायम समोरच्याच्या पेनल्टी बॉक्सकडे. पुढे रोनाल्डो, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्यो. या तिघांकडून तुम्ही परत धावत येऊन मार्किंग करायची अपेक्षा करणार? मग बॉल गेला की उघड्या पडलेल्या त्या मैदानाचं राखण कोणी करायचं? ते गिल्बर्टोने करायचं, आणि पुढच्या सामन्यांत त्याच्या जोडीला क्लेबर्सन आला. सात सामन्यांत ब्राझीलने १८ गोल केले आणि फक्त ४ खाल्ले. १८ ची चर्चा आपण अजून करतो.

इंग्लंडविरुद्धची क्वार्टर फायनल २१ जूनला जपानमध्ये शिझुओकाला झाली. आपल्याकडे दुपारी बाराला सुरू झाली होती. आमच्या पेठेत टीव्हीपुढे गर्दी, बाहेर पिवळे-हिरवे झेंडे, आणि समोरच्या गल्लीत अर्जेंटिनावाले; त्यांचा संघ आधीच घरी गेला होता, म्हणून आमचं वाईट चिंतायला बसलेले. रोनाल्डिन्योची ती फ्री किक सगळ्यांना आठवते. त्यानंतर सातच मिनिटांनी, ५७ व्या मिनिटाला, त्याला लाल कार्ड मिळालं हे निम्मे लोक विसरतात. तिथून पुढे अर्ध्या तासाहून जास्त वेळ ब्राझील दहा जणांत खेळलं, आणि बेकहॅम, स्कोल्स, ओवेन असलेल्या इंग्लंडला धड एक संधी तयार करता आली नाही. मी तेव्हा पडद्यावर बॉलच बघत होतो. पुढे कधीतरी तो सामना पुन्हा मिळाला, तेव्हा फक्त गिल्बर्टोवर नजर ठेवून बघितला. तो क्वचितच वेगाने पळतो. दोन पावलं डावीकडे, तीन पावलं मागे, मान सतत खांद्यावरून वळलेली. इंग्लंडचा माणूस बॉल घेऊन वर बघतो, ओवेनकडे जाणारी वाट दिसत नाही, कारण त्या वाटेवर हा उभा. मग तो कडेला पास देतो. पुन्हा तेच. शेवटी कंटाळून उंच बॉल टाकतात आणि बॅक तो डोक्याने परत फेकतात. हायलाइट्समध्ये दिसतं ते बॅकचं हेडर.

हे काम शिकवता येतं. मी पोरांना सांगतो: बॉल आणि समोरचा सेंटर फॉरवर्ड यांच्यामध्ये एक दोरी ताणलेली आहे असं समजा. बॉल हलला की दोरी हलते. तुम्ही कायम त्या दोरीवर उभं राहायचं. सुरुवातीला पोरं बॉलकडे धावतात, दोरी सुटते, मागून पास जातो. मग आम्ही सराव थांबवतो आणि त्यांना जाग्यावर उभं करून मागे बघायला लावतो. तीन आठवडे लागतात. त्यानंतर एखादं पोरगं स्वतःहून म्हणतं, "सर, माझ्याकडे बॉल आलाच नाही आज." मी म्हणतो, त्यांच्या फॉरवर्डकडे आला का?

वर्ल्ड कप संपला आणि ऑगस्ट २००२ मध्ये लंडनच्या आर्सेनलने त्याला घेतलं, साधारण ४५ लाख पौंडांना. विश्वविजेता खेळाडू त्या भावात मिळाला, कारण बाजारात पियानो वाजवणाऱ्याला भाव असतो. गंमत अशी की, ज्याने गोल करायचे नसतात त्याने आल्या आल्या गोलच केले. मोसमाच्या तोंडावरच्या कम्युनिटी शील्डच्या सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि सामन्यातला एकमेव गोल मारला. सप्टेंबरमध्ये युरोपच्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हॉलंडच्या पीएसव्हीविरुद्ध २०.०७ सेकंदांत गोल! तो तेव्हा त्या स्पर्धेतला सर्वात झटपट गोल होता. २००७ मध्ये बायर्नच्या रॉय मकायने तो विक्रम मोडला. पुढे २००६ मध्ये आर्सेनल नव्या एमिरेट्स स्टेडियमवर गेलं, तेव्हा तिथल्या पहिल्या लीग सामन्यात आर्सेनलचा पहिला गोलही याचाच. क्रिकेटमध्ये अकराव्या नंबरच्या माणसाने शतक ठोकावं, तशी ही नोंद.

पण आर्सेनलमधलं त्याचं खरं काम २००३-०४ चं. इंग्लंडच्या लीगमध्ये ३८ सामने, २६ विजय, १२ बरोबरी, एकही हार नाही. त्या संघाच्या डाव्या बाजूला फॉरवर्ड थिएरी ऑन्री सरकायचा, तिथेच रॉबेर पिरेस आत घुसायचा, आणि मागून अॅशली कोल कडेने पळायचा. एका बाजूला इतकी गर्दी म्हणजे मागे तेवढं रान मोकळं. शिवाय पॅट्रिक व्हिएराचा पाय एका जागी ठरत नसे. २५ एप्रिल २००४ चा टॉटनहॅमविरुद्धचा सामना मिळाला तर बघा. याच सामन्यात बरोबरी साधून आर्सेनलने विजेतेपद पक्कं केलं. तिसऱ्या मिनिटाला व्हिएरा स्वतःच्या भागातून सुटतो आणि थेट समोरच्या गोलपुढे जाऊन बर्गकॅम्पचा पास जाळ्यात ढकलतो. मधल्या फळीतल्या माणसाने इतकं लांब धावायची हिंमत कशी केली? मागे कोण उभा आहे हे त्याला ठाऊक होतं.

मग तो नसताना काय झालं, हेही बघू. २००४ च्या सप्टेंबरात त्याच्या पाठीचं हाड मोडल्याचं निदान झालं आणि तो सुमारे सात महिने बाहेर राहिला. आर्सेनलची ४९ सामन्यांची अपराजित मालिका त्याच ऑक्टोबरात मँचेस्टर युनायटेडने तोडली. त्या मोसमात आर्सेनलने आधीपेक्षा जास्त गोल केले, ७३ चे ८७ झाले. पण खाल्लेले गोल २६ वरून ३६ वर गेले आणि संघ दुसरा आला. सगळं खापर एका माणसाच्या गैरहजेरीवर फोडणं बरोबर नाही. बॅकमधला सोल कॅम्पबेलही त्या वर्षी बराच काळ जखमी होता, आणि चेल्सीने त्या मोसमात कोणालाच जवळ येऊ दिलं नाही. तरी प्रशिक्षक म्हणून मला विचाराल, तर वर चौदा गोल वाढणं आणि खाली दहा गोल गळणं हे दुखणं मी ओळखतो. टोपली भरतेय, तळ फाटलाय.

एप्रिल २००५ मध्ये तो परतला, त्या वर्षीचा एफए कप जिंकला, आणि मग व्हिएरा इटलीच्या युव्हेंटसला निघून गेला. गिल्बर्टोच्या शेजारी आता सेस्क फाब्रेगास नावाचं अठरा वर्षांचं पोर. २००६ मध्ये आर्सेनल पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या फायनलला पोहोचलं. वाटेत रिआल माद्रिद, युव्हेंटस आणि व्हियारेआल यांच्याविरुद्धच्या सहाही सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. पॅरिसच्या फायनलला गोलकीपर लेमान १८ व्या मिनिटालाच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि बार्सिलोनाने २-१ ने कप नेला. २००६-०७ मध्ये ऑन्री बराच काळ जखमी होता, तेव्हा कर्णधाराचा पट्टा अनेकदा याच्या दंडावर आला आणि पेनल्टीही याच्याकडे. लीगमध्ये १० गोल! टॉटनहॅमविरुद्ध एकाच सामन्यात दोन पेनल्टी. ऑन्रीचेही त्या मोसमात लीगमध्ये १०च होते.

तुमच्या मुलाला पुढचा भागही सांगा, लपवू नका. ऑन्री गेल्यावर कर्णधारपद गिल्बर्टोला मिळेल असं त्यालाही वाटलं असणार. ते विल्यम गॅलासकडे गेलं. २००७ च्या उन्हाळ्यात गिल्बर्टो दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या कोपा अमेरिका स्पर्धेला ब्राझीलचा कर्णधार म्हणून गेला, स्पर्धा जिंकून उशिरा क्लबात परतला, तोवर मॅथ्यू फ्लामिनीने जागा पकडली होती. एक मोसम बहुतेक बाकावर. २००८ मध्ये तो अथेन्सच्या पानाथिनाइकोसला गेला, आणि तिथे २००९-१० मध्ये लीग आणि कप दोन्ही जिंकून दाखवले. ज्या कामाचा आवाज होत नाही, ते करणाऱ्याला बाजूला सारतानाही आवाज होत नाही, एवढं या जागेवर खेळणाऱ्याने गृहीत धरावं.

ब्राझीलसाठी तो ९३ सामने खेळला. २००६ च्या वर्ल्ड कपला पुन्हा एमर्सनच्या मागे बसला, पुन्हा एमर्सन जायबंदी झाला, आणि फ्रान्सविरुद्ध हरलेल्या सामन्यात हा मैदानात होता. २०१० च्या वर्ल्ड कपला कोच डुंगाने त्याला आणि फेलिपे मेलोला जोडीने उभं केलं. माझं मत विचाराल, तर ती जोडी चुकली. एक पियानो वाहणारा पुरतो. दोघे वाहायला लागले की वाजवणारा कमी पडतो. त्यात गिल्बर्टो ३३ वर्षांचा. हॉलंडविरुद्ध १-० ने पुढे असताना ब्राझील २-१ ने हरलं, मेलोला लाल कार्ड मिळालं, आणि मायदेशी दोघांवर बरीच टीका झाली. नंतर तो ब्राझीलच्या ग्रेमिओ क्लबकडून खेळला आणि २०१३ मध्ये जुन्या अॅटलेटिको मिनेरोत आला. त्या वर्षी रोनाल्डिन्यो असलेल्या या संघाने दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा कोपा लिबेर्तादोरेस पहिल्यांदाच जिंकला. ३६ वर्षांचा गिल्बर्टो त्या संघात होता. शेवटी गुडघ्याने साथ सोडली.

त्याच्यात काय नव्हतं, हेही सांगायला हवं, नाहीतर तुमच्या मुलाला मी अर्धवट शिकवल्यासारखं होईल. त्याचा लांब पास साधा होता. दाबाखाली बॉल घेऊन वळणं, दोन माणसं चुकवून वर येणं, हे त्याच्याकडे फारसं नव्हतं. तो बॉल जिंकायचा आणि जवळच्या सर्वात हुशार माणसाला द्यायचा. त्याच्या नशिबाने ती माणसं रिव्हाल्डो आणि बर्गकॅम्प होती. आजच्या फुटबॉलमध्ये या जागेवरच्या खेळाडूला पाठीवर माणूस असताना बॅककडून बॉल घ्यावा लागतो आणि एका टचमध्ये पुढे वळावं लागतं. तुमचा मुलगा फॉरवर्ड होता, म्हणजे डॉज मारणं, पाठीवर माणूस घेऊन बॉल ठेवणं हे त्याला येत असणार. ते विसरू देऊ नका. गिल्बर्टोकडून उभं राहणं आणि बघणं घ्यायचं, पायाचं काम स्वतःचं ठेवायचं. कोचनी कदाचित हाच हिशोब करून त्याला तिथे उभं केलं असेल. एकदा विचारून बघा.

आता बघायचं कसं. हायलाइट्स बंद. पूर्ण सामना लावा, इंग्लंडविरुद्धचा २००२ चा, ५७ व्या मिनिटापासून. मुलाच्या हातात वही-पेन द्या. प्रत्येक पाच मिनिटांत गिल्बर्टोने मान वळवून मागे किती वेळा बघितलं, तेवढंच मोजायचं. टीव्हीच्या चौकटीतून तो बाहेर जाईल तेव्हा रेघ मारून ठेवायची. दहा-पंधरा मिनिटांत कंटाळा येईल, येऊ द्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याच संघाचा सामना तुम्ही मोबाइलवर बाजूने चित्रित करा, बॉलमागे न फिरवता फक्त त्याच्यावर कॅमेरा ठेवून, आणि त्यालाच त्याच्या माना मोजायला सांगा.

आणि बक्षीस म्हणून तुर्कस्तानविरुद्धची सेमीफायनल दाखवा. ४९ व्या मिनिटाला रोनाल्डो बुटाच्या टोकाने बॉल ढकलतो आणि सामना तिथेच जिंकला जातो. क्लिप नेहमी रोनाल्डोच्या पायाशी बॉल आल्यापासून सुरू होते. तुम्ही पाच-सात सेकंद मागे न्या. डाव्या बाजूने बॉल घेऊन वर येणारा आणि रोनाल्डोला पास देणारा ८ नंबर कोण आहे, ते त्यालाच ओळखू द्या.